रखमाबाईंचा खटला नेमका कशाबद्दल होता?

रखमाबाईंनी नवऱ्याकडे घटस्फोट मागितला आणि कोर्टात लढून तो मिळवला, असं हल्ली बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ‘घटस्फोट घेणारी पहिली भारतीय स्त्री’ असा मथळाही दिलेला असतो. वाचून बरं वाटतं, पण घडलं ते असं नाही. खटला रखमाबाईंनी भरलाच नव्हता, तो त्यांच्यावर भरला गेला होता. त्यात घटस्फोट कोणी मागितला नव्हता आणि कोणत्या न्यायाधीशाने दिलाही नाही. दादाजी भिकाजी यांनी मुंबई हायकोर्टात मागणी केली होती ती अशी: ही माझी लग्नाची बायको आहे, ती माझ्याकडे नांदायला येत नाही, तिला यायला लावा. आणि रखमाबाईंनी सांगितलं, मी जाणार नाही.

१८८४ ते १८८८ अशी चार वर्षं हे प्रकरण चाललं. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं त्यावर तुटून पडली, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्रं छापून आली. गंमत म्हणून नव्हे, तर अगदी गंभीरपणे त्या काळच्या मोठमोठ्या माणसांना प्रश्न पडला, की सुतार समाजातल्या एका मुलीने एवढं नाही म्हणण्याचा आधार तरी काय? हा खटला नीट उलगडला, तर शिकू पाहणाऱ्या मुलीच्या वाटेत तेव्हा काय काय आडवं होतं ते स्पष्ट दिसतं.

लग्न झालं, संसार झाला नाही

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचं लग्न, बाळंतपण आणि वैधव्य सगळं पोरवयातच उरकलं होतं. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती, म्हणून पुढे त्यांचं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी होऊ शकलं. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, वनस्पतीशास्त्राचे जाणकार, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. जनार्दन पांडुरंगांची मालमत्ता जयंतीबाईंनी पुनर्विवाहाच्या वेळी लेकीच्या नावे करून दिली.

एवढ्या सुधारलेल्या घरातही मुलीचं लग्न अकराव्या वर्षीच लागलं. सुधारकांच्या गोष्टी सांगताना हा तपशील आपण पटकन ओलांडतो, पण तो ओलांडू नये. चाल इतकी खोल मुरलेली होती, की ती मोडायचा विचार मनात आला तरी हात मोडायला धजत नसत.

नवरा मुलगा दादाजी हा सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला. वय एकोणीस-वीस, घरची गरिबी. बोली अशी झाली होती, की त्याने घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि काहीतरी बनायचं. शिक्षणात दादाजींचं मन रमलं नाही, प्रकृतीही खालावली, आणि ते आपले मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहायला गेले. त्या घराची कीर्ती चांगली नव्हती.

मुलगी न्हातीधुती झाली की गर्भाधानाचा विधी करून तिला नवऱ्याकडे पाठवायची, हा तेव्हाचा रिवाज. तसा निरोप आला तेव्हा सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. कोवळ्या वयातल्या मुलींच्या वाट्याला काय येतं, हे डॉक्टर म्हणून ते जाणत होते. नंतर रखमाबाई मोठ्या झाल्या आणि त्यांनी स्वतःच नकार दिला. म्हणजे विधीने लग्न झालेलं, पण दोघं एकत्र राहिली ती कधीच नाहीत. हा मुद्दा पुढे कोर्टात कळीचा ठरला.

मधल्या वर्षांत रखमाबाई काय करत होत्या? वाचत होत्या. शाळा सुटली होती, तेव्हा फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं घरी येत. सखाराम अर्जुन यांच्या घरात सुधारक मंडळींची ये-जा असे, त्यांची बोलणी कानावर पडत. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाज यांच्या सभांना त्या जात. त्यांनी इंग्रजी इतकं आत्मसात केलं, की पुढे त्यांची पत्रं वाचून ती बाईने लिहिली असतील यावरच काहींचा विश्वास बसेना.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी सखाराम अर्जुन यांना वकिलामार्फत नोटीस पाठवली: माझ्या बायकोला अडवू नका. उत्तर गेलं, की आम्ही अडवलेलं नाही. मग दादाजी कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने असंही सांगितलं गेलं, की बाईच्या नावावरची मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून माहेरचे लोक तिला फूस लावत आहेत. तिला स्वतःचं मत असू शकतं, ही शक्यता त्यांच्या म्हणण्यात कुठेच नव्हती.

हा कायदा आला कुठून?

आता थोडं कायद्याकडे वळायला हवं. नवरा कोर्टाकडून बायको परत मागू शकतो, ही कल्पना मुळात कोणाची? बहुतेकांना वाटतं, हे आपल्या शास्त्रातलं असणार. तसं नाही.

शास्त्राने बायकोवर नवऱ्याकडे राहण्याचं बंधन घातलं होतं, यात शंका नाही. लग्न हा संस्कार, आणि विधी झाले की तो पुरा. मुलीचं वय किती, तिला विचारलं का, या गोष्टींनी लग्न कच्चं ठरत नसे. पण बायको नांदायला गेली नाही तर काय करायचं हे जात, पंचायत आणि घरचे वडीलधारे ठरवत. बोलणी होत, दबाव येई, बहिष्कार पडे. बऱ्याच जातींत काडीमोड होई आणि दुसरा पाट लागे. यात छळ होता, अन्याय होता. पण सरकारी तुरुंग नव्हता.

तुरुंग आला तो इंग्लंडमधून. तिथे पूर्वी लग्नाचे तंटे चर्चच्या कोर्टात चालत. ख्रिस्ती लग्न मोडता येत नसे, म्हणून जोडीदार सोडून गेला तर त्याला परत येण्याचा हुकूम देणं एवढाच उपाय त्या कोर्टाच्या हाती होता. १८५७ मध्ये हे अधिकार साध्या दिवाणी कोर्टाकडे गेले. इंग्रज न्यायाधीशांनी तोच दावा बरोबर आणून हिंदुस्थानातही चालवायला सुरुवात केली. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या कोर्टाने, एका मुसलमान जोडप्याच्या प्रकरणात असा दावा इथे चालतो असं मान्य केलं, आणि वाट पक्की झाली. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तर हुकूम न पाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मालमत्तेची जप्ती अशी तरतूदच होती.

रखमाबाई सापडल्या त्या या दोन कायद्यांच्या जोडाजवळ. शास्त्र म्हणत होतं, मुलीला न विचारता लागलेलं लग्न पक्कं. इंग्रजी कायदा म्हणत होता, पक्कं लग्न असेल तर एकत्र राहायलाच हवं, नाहीतर तुरुंग. इंग्लंडमध्ये निदान लग्नाला दोघांची संमती लागत असे. आणि इथे निदान तुरुंग नव्हता. दोन्हीकडचा जो भाग बाईला जाचक, तेवढाच उचलून एकत्र बांधला गेला. या खटल्याची खरी गोम ही आहे, आणि ती समजली की ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ असा सोपा सामना इथे नव्हता हेही समजतं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये काय घडलं पाहा. जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईने आपल्या नवऱ्याविरुद्ध असाच हुकूम मिळवला. नवरा काही परत येईना. कायद्याप्रमाणे तुरुंगात जायची पाळी एका प्रतिष्ठित पुरुषावर आली, आणि १८८४ मध्ये ब्रिटिश संसदेने या गुन्ह्याची कैद रद्द करून टाकली. दादाजींची नोटीस त्याच वर्षीची. इंग्लंडने ज्या वर्षी ही शिक्षा टाकून दिली, त्याच वर्षी मुंबईत तिचं दार रखमाबाईंसाठी उघडलं.

तीन निकाल

रखमाबाईंच्या वतीने कोर्टात जे लेखी म्हणणं दिलं गेलं, त्यात कारणं होती ती अशी: दादाजींना पोटापाण्याची आणि राहण्याची नीट सोय करता येत नाही, त्यांना दम्यासारखा आजार आहे, ज्या घरात ते राहतात त्या घरमालकाचं वर्तन ठीक नाही. यातली बहुतेक कारणं कोर्टाच्या ओळखीची होती. पण त्याबरोबर एक नवीन गोष्ट होती. हे लग्न झालं तेव्हा मला समज येण्याचं वय नव्हतं, आणि माझी संमती त्याला नव्हती. या वाक्याला कोणत्याच कायद्यात बसायला जागा नव्हती. म्हणून तर ते इतकं धाडसाचं.

पहिला निकाल २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दिला, आणि तो रखमाबाईंच्या बाजूने होता. त्यांचा युक्तिवाद साधा होता. इंग्लंडमधले हुकूम होते ते पूर्वी एकत्र राहिलेल्या आणि मग वेगळ्या झालेल्या जोडप्यांसाठी. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग ‘पुन्हा’ नांदायला लावायचं कसलं? हिंदू धर्मशास्त्रात अशा दाव्याला आधार नाही, आणि इंग्लंडमधून आणलेली ही प्रथा मी होती त्याहून पुढे ताणणार नाही. न आवडणाऱ्या पुरुषाकडे एका तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध पाठवणं हे रानटी आणि क्रूर ठरेल, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. घोडा किंवा बैल ताब्यात मागावा तशी दादाजींनी बायको मागायला नको होती, हेही त्यांनी सुनावलं.

दादाजी अपिलात गेले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला. त्यांनी म्हटलं, हिंदू कायद्यात विधी झाले की लग्न पुरं होतं. नवरा-बायको एकत्र राहिली होती की नाही याने फरक पडत नाही. नवऱ्याकडे राहणं हे बायकोचं कर्तव्य आहे आणि ते कोर्ट बजावून घेऊ शकतं. रखमाबाईंच्या बाजूला काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखा शास्त्र आणि कायदा दोन्ही कोळून प्यालेला वकील होता, तरी उपयोग झाला नाही. प्रकरण फेरसुनावणीला परत गेलं.

तिसरा निकाल न्यायमूर्ती फॅरन यांचा, ४ मार्च १८८७ चा. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवलं, की हुकूम मानण्यापेक्षा कायद्यातली सगळ्यात मोठी शिक्षा मी भोगेन.

त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. नवऱ्याच्या हट्टाने शिकलेली, अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेली ही मुलगी एकविसाव्या वर्षी गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, सनातनी मंडळींसुद्धा. आणि आठवडा उलटायच्या आत बावीस वर्षांच्या रखमाबाईंना तुरुंगाचा हुकूम झाला, तेव्हा त्यातलेच कितीतरी लोक समाधान पावले. नवऱ्याच्या इच्छेने शिकणारी बाई समाजाला झेपत होती. स्वतःच्या इच्छेने नाही म्हणणारी झेपत नव्हती. मला हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो काळ समजतच नाही.

वादळ आणि पत्रं

पिन्हे यांच्या निकालावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कडाडून टीका केली. टिळकांचं म्हणणं होतं, की या न्यायाधीशाला हिंदू कायद्याचं मर्म कळलेलं नाही आणि सुधारणा जबरदस्तीने लादली जात आहे. परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, ही भूमिका आज वाचतानाही पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. परकीय सत्तेखाली राहणाऱ्या समाजाची ती खरी दुखरी जागा होती. पण एक गोष्ट या टीकेत कुठेच आली नाही. बायकोला तुरुंगात घालण्याचा हुकूमही परकीय सरकारचाच होता. तो मात्र चालला.

दुसऱ्या बाजूला सुधारक पत्रकार बेहरामजी मलबारी होते. त्यांनी १८८४ मध्येच बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून मोठी चर्चा घडवून आणली होती. रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, वर्गणी जमली. तेव्हा अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये लिहिलं, की एका असहाय बाईचं रक्षण केलं नाही म्हणून इंग्रज सरकारला दोष तरी कसा द्यावा, ते तर हिंदुस्थानातल्या पुरुषांशी केलेला करार पाळतं आहे. इतक्या थोड्या शब्दांत सगळी परिस्थिती दुसऱ्या कोणी सांगितलेली नाही. १८५७ च्या उठावानंतर राणीच्या जाहीरनाम्यात सरकारने धर्मात हस्तक्षेप करणार नाही असं वचन दिलं होतं. व्यवहारात त्याचा अर्थ झाला: घरातल्या बाईचं काय करायचं ते घरातल्या पुरुषांनी ठरवावं.

पण या सगळ्या गदारोळात मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती रखमाबाईंची स्वतःची पत्रं. खटला चालू असतानाच, जून आणि सप्टेंबर १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने दोन लांब पत्रं प्रसिद्ध झाली. पहिलं बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती, हे नंतर उघड झालं.

पहिल्या पत्रात त्या लिहितात, की बालविवाहाच्या चालीने माझ्या आयुष्याचं सुख नाहीसं केलं, आणि जी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते तिच्या आणि माझ्या मध्ये ती आडवी आली. ती गोष्ट कोणती? अभ्यास आणि मनाची मशागत. नवरा वाईट आहे, सासर वाईट आहे, अशी ती पहिली तक्रार नाही. मला शिकायचं होतं आणि शिकता आलं नाही, ही आहे.

आणि मग त्या हिशेब मांडतात. मुलगी शाळेत जाते ती लग्नापर्यंत. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न झालं, की पुढची परवानगी सासूच्या हातात. शिक्षणाची गोडी लागायला सुरुवात होते न होते, तोच मुलगी सासरी जाते. मुंबईसारख्या पुढारलेल्या शहरातसुद्धा सुनेला शाळेत पाठवणाऱ्या सासवा किती सापडतील, असा त्यांचा सवाल होता. मुलींच्या शाळा काढल्या की मुली शिकतील, असं सरकार आणि बरेच सुधारकही धरून चालले होते. रखमाबाई दाखवत होत्या, की शाळेचं दार उघडं असलं तरी लग्न त्या दारातून मुलीला ओढून नेतं. म्हणून स्त्रीशिक्षण आणि लग्नाचं वय हे दोन प्रश्न नाहीतच, तो एकच आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून पहिलं दार उघडलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी एक विद्यार्थिनीच सांगत होती, की पुढचा अडसर कुठे आहे.

१८८७ हे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. रखमाबाईंनी विनंती केली, की राणीने या निमित्ताने कायद्यात एक वाक्य घालावं: मुलगा वीस आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टात कायदेशीर धरलं जाऊ नये. मागणी किती नेमकी आहे पाहा. लग्नं बंद करा असं त्या म्हणत नाहीत. अशा लग्नाच्या जोरावर कोणी कोर्टाची ताकद वापरू नये, एवढंच.

तडजोड, आणि नंतर

तुरुंगात जायची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये समझोता झाला. दादाजींना २,००० रुपये मिळाले आणि त्यांनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्नही केलं. रखमाबाईंना मात्र कायद्याने मोकळीक अशी मिळालीच नाही. कोर्टाचा निकाल त्यांच्याविरुद्धच राहिला. तो वापरायचा नाही, एवढंच ठरलं. हा विजय म्हणायचा का? मला वाटतं, कायद्याच्या दृष्टीने नाही. पण त्यांना जे हवं होतं ते मिळवायला पायाखाली जमीन मिळाली.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना डॉक्टर होण्यासाठी बळ दिलं आणि पैसे उभे करायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत आल्यावर त्यांनी सुरतेला स्त्रियांच्या दवाखान्याचं काम हाती घेतलं आणि तिथे वर्षानुवर्षं राहिल्या. मग राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये, निवृत्त होईपर्यंत. त्यांना ‘प्रत्यक्ष व्यवसाय करणारी पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ म्हणतात, पण तेही खरं नाही. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली १८८६ पासूनच व्यवसाय करत होत्या. अशा पहिलेपणाची रखमाबाईंना गरज नाही. पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या, पडद्यातल्या बायकांपर्यंत तीसेक वर्षं औषधपाणी पोचवणं हे काम स्वतःच पुरेसं मोठं आहे. म्हातारपणी, १९२९ मध्ये, त्यांनी पडदापद्धत बंद करावी म्हणून एक पुस्तिकाही लिहिली. म्हणजे पत्रांमधली ती बाई डॉक्टरच्या पेशात हरवली नव्हती.

दादाजी १९०४ मध्ये वारले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं सांगतात. आजच्या वाचकाला ते खटकतं. मला त्यात हार दिसत नाही. मनाने लग्न नाकारलेल्या बाईलाही समाजात राहायचं असतं, रोग्यांच्या घरात शिरायचं असतं, आणि तिने काय नेसावं हे ठरवण्याचा हक्कही तिचाच.

खटल्याने काय बदललं

लगेच फारसं नाही, पण वारं फिरलं. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होतं, म्हणजे दहा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्याने बळजबरी केली तरी तो गुन्हा नव्हे. रखमाबाईंच्या प्रकरणाने ‘संमती’ हा शब्द घरोघर पोचवला होता. त्यातच कलकत्त्याला फुलमणी दासी नावाची जेमतेम अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मेली. नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच शकला नाही, कारण ती दहाच्या वर होती. त्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. या दोन मुलींच्या, एक जिवंत आणि एक मेलेली, कहाण्यांनी सरकारला हलवलं आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवय बारा झालं. टिळकांनी या कायद्यालाही विरोध केला, संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनं काढून तो शास्त्राविरुद्ध नाही असं दाखवलं. रखमाबाईंनी मागितलेल्या पंधरा वर्षांच्या जवळपास पोचायला १९२९ चा शारदा कायदा यावा लागला, आणि त्यातही मुलीचं वय चौदाच होतं.

ज्या कलमाने त्यांना तुरुंग दाखवला, त्याची गोष्ट आणखी लांबली. नांदायला न जाणाऱ्या जोडीदाराला कैद करण्याची तरतूद हिंदुस्थानात १९२३ मध्ये गेली, इंग्लंडच्या एकोणचाळीस वर्षांनंतर. खुद्द दावा मात्र राहिला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा लागू झाला, त्याने देशभरातल्या हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला, आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये ‘वैवाहिक हक्कांचं प्रत्यास्थापन’ या नावाने तो जुना दावाही ठेवला. रखमाबाई वारल्या त्या त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला, नव्वदीत. इंग्लंडने १९७० मध्ये हा दावा कायमचा काढून टाकला.

आपल्याकडे कलम ९ आजही आहे. नवरा किंवा बायको, कोणीही अर्ज करू शकतं. हुकूम मोडला तर तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभरात दोघं एकत्र आली नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. इच्छा नसलेल्या बाईच्या शरीरावर सरकारने हुकूम चालवू नये, हा त्यातला गाभा पिन्हे यांच्या निकालाच्या फार जवळचा होता. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी प्रकरणात कलम वैध धरलं, संसार टिकवण्याला ते मदत करतं या कारणाने. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान देणारी याचिका दाखल झाली.

कुटुंब न्यायालयात हे कलम बऱ्याचदा वेगळ्याच कामाला येतं. बायकोने पोटगी मागितली, की नवरा तिने नांदायला यावं असा अर्ज टाकतो, आणि ती आली नाही तर म्हणतो, मी बोलावलं होतं, आता पोटगी कसली? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सांगितलं, की नांदायला जाण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्याच कारणाने बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही. ती का गेली नाही, ते कोर्टाने आधी पाहायचं.